कमरेचा माग आणि जमाखर्चाची वही

ग्वाटेमालाच्या पश्चिमेकडील डोंगराळ मुलखात आणि सरहद्दीपलीकडच्या मेक्सिकोतील चियापास प्रांतात माया स्त्रिया आजही ज्या मागावर कापड विणतात, तो पाहून यंत्रशास्त्राच्या अभ्यासकाची प्रथम निराशाच होईल. कारण त्याला चौकट नाही, पावडी नाही, खिळा नाही, आणि काम आटोपल्यावर गुंडाळून कोपऱ्यात उभ्या केलेल्या काही काठ्यांपलीकडे त्याचे अस्तित्वही उरत नाही. ताण्याचे एक टोक झाडाला किंवा घराच्या खांबाला बांधावयाचे, दुसऱ्या टोकाची काठी कमरेमागून घेतलेल्या पट्ट्यात अडकवावयाची आणि जमिनीवर गुडघे टेकून बसावयाचे. अंग मागे रेलले की ताणा ताठ होतो, पुढे झुकले की सैल पडतो. विणणारीचा देह हाच या मागाचा प्रमुख अवयव, आणि तिचे दोन्ही हात जेथवर सहज पोचतील तेवढाच कापडाचा पन्हा. अशा दोन किंवा तीन पट्ट्या, चारही अंगांनी किनार बांधलेल्या आणि कात्रीचा स्पर्श न झालेल्या, एकमेकींना जोडल्या की ‘हुइपिल’ नावाचा तो सैल झगा सिद्ध होतो, ज्याच्या रंगांवरून आणि आकृत्यांवरून जाणकाराला ती स्त्री कोणत्या गावची हे ओळखता येते. या आकृत्या कापडावर मागाहून काढलेल्या नसतात. वीण चालू असतानाच ताण्याचे धागे मोजून उचलावयाचे आणि त्यांखालून रंगीत सुताचा जादा बाणा घालावयाचा, असा त्यांचा क्रम असतो. हा सगळा हिशेब कागदावर कोठेही लिहिलेला नसून आईच्या शेजारी बसून मुलीने डोक्यात साठविलेला असतो.

या स्त्रियांना साहाय्य करावे अशी इच्छा बाळगणाऱ्या सहृदय मंडळींचा तुटवडा आज जगात नाही. प्रश्न असा आहे की, त्या साहाय्याने नेमके काय तगून राहते: विणकरीण, तिची विद्या, की तिचे दारिद्र्य? या प्रश्नाचे दोन पक्ष माझ्या मनात बराच काळ झगडत असल्यामुळे मी त्यांना दोन कल्पित व्यक्तींचे रूप दिले आहे. भाऊसाहेब हे सहकार खात्यातून निवृत्त झालेले लेखापरीक्षक. सोलापूर-इचलकरंजीकडच्या विणकर संस्थांची दप्तरे तपासण्यात त्यांची हयात गेली. ताई या वस्त्रविद्येच्या अभ्यासक. माया वस्त्रांविषयी त्यांना जिव्हाळा आहे आणि तो लपविण्याची त्यांना आवश्यकता वाटत नाही.

आरंभ भाऊसाहेबांनी केला, आणि तो त्यांच्या शिरस्त्याप्रमाणे आकड्यांनी केला.

“ताई, आपण सौंदर्य बाजूला ठेवू, त्याविषयी आपला मतभेद नाही. समजा, एक उत्तम हुइपिल विणावयास तीन महिने लागतात, महिन्याचे पंचवीस दिवस आणि दिवसाचे चार तास ती बाई मागावर बसते. हे झाले तीनशे तास. त्या वस्त्राला तिला ग्वाटेमालाच्या चलनात तीन हजार केत्साल मिळाले असे धरले, आणि इतके तिच्या हाती क्वचितच पडत असतील, तरी तासाला दहा केत्साल पडतात. त्यातून सुताचे मोल अजून वजा व्हावयाचे आहे. म्हणजे तिच्या देशाने ठरविलेल्या किमान वेतनाइतकेही तिच्या पदरात पडत नाही. ज्या धंद्यात कुशल कारागिराची रोजी अकुशल मजुराहून कमी येते, त्या धंद्याला ‘प्रोत्साहन’ देणे म्हणजे एका माणसाला त्याच्या तोट्यात अधिक काळ गुंतवून ठेवणे होय. आपण कौतुक करतो आणि ती गुडघे झिजविते.”

“भाऊसाहेब, तुमचा गुणाकार बरोबर आहे,” ताई म्हणाल्या, “पण ती चार तास सलग बसते हे तुम्ही गृहीत धरले आहे. ती मक्याचे पीठ दळते, मूल पाजते, सरपण आणते, आणि मधल्या अवकाशात माग कमरेला बांधते. हा माग गुंडाळता येतो, शेतावर नेता येतो, हाच त्याचा गुण आहे. स्पॅनिश लोकांनी सोळाव्या शतकात पायमाग आणला. तो पुरुषांनी उचलला, आणि स्त्रिया कमरेला गुंडाळतात ती लांब वस्त्रे आजही तोतोनिकापान-साल्काहाकडे बव्हंशी पुरुषच त्या मागावर काढतात. स्त्रीने आपला जुना माग सोडला नाही, कारण तो तिच्या संसाराच्या वेळापत्रकात बसत होता. शिवाय ती पहिले वस्त्र विकण्यासाठी विणत नाही, नेसण्यासाठी विणते. ज्या कापडाचे पहिले गिऱ्हाईक विणणारी स्वतः आहे, त्याला कारखान्याचा हिशेब कसा लावावयाचा?”

“स्वतःसाठी विणावे, त्याला कोणाची ना आहे? पण तुम्ही मला साहाय्य करावयास सांगता ते विक्रीसाठी विणलेल्या कापडाला. विक्री आली की हिशेब आला.”

येथे ताईंनी इतिहासाचा आश्रय घेतला. याश्चिलान या प्राचीन माया नगरातील एका दारावरच्या शिलापटात, जो आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, राणी कबाल शोक आपल्या जिभेतून काटेरी दोर ओढीत असलेली कोरली आहे. तो विधी इ. स. ७०९ मधला, आणि त्या राणीच्या अंगावरच्या हुइपिलवर चौकटच्या आकाराच्या ज्या आकृत्या शिल्पकाराने निगुतीने खोदल्या, त्यांच्या जातीच्या आकृत्या चियापासच्या डोंगरातील स्त्रिया आजही विणतात. तेरा शतके टिकलेली ही विद्या आपल्या पिढीत बाजारभावाच्या कारणास्तव मरू द्यावी काय, असे त्यांनी विचारले.

“त्या राणीचे वस्त्र राणीने विणले की दासीने, हे तो शिलापट सांगत नाही,” भाऊसाहेब म्हणाले.

हा टोला मला रास्त वाटला, आणि ताईंनाही वाटला असावा. कारण त्यांनी प्राचीनतेचा मुद्दा तेथेच सोडला आणि अधिक जवळच्या इतिहासाकडे वळल्या. त्यांचे खरे बळ तेथेच होते.

“तर मग दासीचाच इतिहास पाहू. निवडुंगावर पोसलेल्या किड्यापासून निघणारा किरमिजी रंग हा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ग्वाटेमालाचा मुख्य निर्यातीचा जिन्नस होता. १८५६ नंतर युरोपात रासायनिक रंग निघाले, किरमिजाचा भाव कोसळला, आणि १८७१ च्या उदारमतवादी राज्यक्रांतीनंतर सरकारने आपले सारे भवितव्य कॉफीवर लावले. कॉफीला डोंगरउताराची जमीन लागते आणि हंगामात मजूर लागतात. जमीन गावांच्या सामाईक मालकीतून गेली आणि मजूर सक्तीने आणले गेले. १९३४ च्या कायद्याने तर ज्याच्याकडे पुरेशी जमीन नाही अशा माणसाने वर्षातून शंभर किंवा दीडशे दिवस दुसऱ्याच्या मळ्यावर राबल्याची नोंद दाखविली नाही, तर तो भटक्या ठरून शिक्षेस पात्र होई. भाऊसाहेब, विणकरणीची रोजी कमी का, याचे उत्तर तुम्ही मागात शोधता. ते जमिनीच्या दप्तरात आहे. घरची शेती पोट भरीनाशी झाली म्हणूनच नेसण्याचे कापड विकावे लागले.”

भाऊसाहेब काही क्षण बोलले नाहीत. ताई पुढे म्हणाल्या, “आणि त्यावर युद्ध आले. १९६० पासून १९९६ पर्यंत छत्तीस वर्षे. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या सत्यशोधन आयोगाच्या अहवालाप्रमाणे दोन लाखांहून अधिक माणसे मारली गेली किंवा नाहीशी झाली, आणि ओळख पटलेल्या बळींपैकी शेकडा ८३ माया होते. त्या काळात अंगावरचे हुइपिल हीच गावाची सनद असल्यामुळे कित्येक स्त्रियांनी जिवाच्या भयाने ते उतरवून ठेवले. पुरुष गेले, विधवांच्या हाती मुले आणि माग एवढेच उरले. केत्साल्तेनांगो येथील ‘त्रामा तेक्स्तीलेस’ ही संस्था १९८८ साली अशाच स्त्रियांनी उभी केली. पाच प्रदेशांतले सतरा गट आणि सुमारे ४०० विणकरणी तीत एकत्र आल्या. तिकडे चियापासमध्ये सान क्रिस्तोबाल येथे ‘स्ना होलोबिल’ ही विणकरणींची सहकारी संस्था त्याआधीच, सत्तरीच्या दशकात, निघाली होती. या बायकांना कोणी मागाशी जखडले नाही. सर्व काही हिरावले गेल्यावर जे हाती उरले, ते त्यांनी धरले.”

“आता तुम्ही माझ्या मुलखात आलात,” भाऊसाहेब म्हणाले, आणि त्यांचा स्वर प्रथमच मऊ झाला. “सहकारी संस्था! मी अशा संस्था पाहिल्या आहेत, ज्यांच्या सभासदयादीत शंभर विणकर आणि चेअरमनच्या खुर्चीत सावकार. सूत त्याचे, भाव त्याचा, आणि विणकराचा केवळ अंगठा. म्हणून मी चार गोष्टी विचारतो. सुताचे पैसे आगाऊ कोण देते? कापड स्वीकारताना पैसे रोख मिळतात, की विक्री झाल्यावर? विकले न गेलेल्या कापडाचा तोटा कोणाच्या नावे पडतो? आणि वार्षिक हिशेब सभासदांना समजेल अशा भाषेत वाचला जातो काय? ग्वाटेमालात बावीस माया भाषा बोलल्या जातात म्हणता. स्पॅनिशमध्ये लिहिलेला ताळेबंद त्या डोंगरातल्या म्हातारीला काय उपयोगाचा? या प्रश्नांची उत्तरे नसतील तर तुमच्या संस्थेच्या नावात कितीही सहकार असो, ती दलालीच आहे.”

ताईंनी हे मान्य केले, आणि दलालीचे दुसरे रूपही त्यांनीच सांगितले. चिचिकास्तेनांगोच्या गुरुवार-रविवारच्या बाजारात अडचणीत सापडलेल्या स्त्रियांनी विकलेली जुनी हुइपिले येतात. ती कापून त्यांच्या पिशव्या, पट्टे आणि पादत्राणे होतात, आणि पिशवीला जे मोल परदेशी दुकानात येते त्यातला छदामही मूळ विणकरणीकडे परतत नाही. त्याहून नवी आपत्ती म्हणजे तीच आकृती यंत्राने पातळ कापडावर छापलेली हुइपिले. ती इतकी स्वस्त मिळतात की माया स्त्रियांनाही रोजच्या वापरासाठी तीच परवडतात.

“आमच्याकडची सेमी-पैठणी!” भाऊसाहेब उद्गारले.

“तीच. पण येवल्याच्या विणकराजवळ निदान भौगोलिक मानांकनाचा दाखला आहे. ग्वाटेमालात १९४७ साली देशी वस्त्रोत्पादनाच्या संरक्षणाचा कायदा झाला होता. तो कागदावर राहिला. १९८५ च्या राज्यघटनेच्या ६६ व्या कलमाने माया स्त्री-पुरुषांचा पारंपरिक वेष राज्याने मान्य केला, आदरिला आणि वाढविला पाहिजे असे घोषित केले. तरी २००२ साली मानववंशशास्त्राच्या एका विदुषीला, इर्मा आलिसिया वेलास्केस निमातुह यांना, केवळ त्यांच्या अंगावर तो वेष होता म्हणून राजधानीतल्या एका उपाहारगृहात प्रवेश नाकारला गेला. त्यावरून उठलेल्या क्षोभाने भेदभाव हा फौजदारी गुन्हा ठरविण्याला गती आली आणि त्याच वर्षी तसा कायदा झाला. आणि २०१६ साली साकातेपेकेस प्रांतातील ‘आफेदेस’ या स्त्रियांच्या संघटनेने इतर विणकरणींना बरोबर घेऊन थेट संविधान न्यायालयात अर्ज केला की, आमच्या आकृत्यांना कायद्याचे संरक्षण नाही, ही घटनेचीच पायमल्ली आहे. दुसऱ्या वर्षी न्यायालयाने काँग्रेसला, म्हणजे तिथल्या संसदेला, या विषयावर कायदा करण्याचे आवाहन केले. त्या मागतात ती दया नव्हे, हक्क मागतात: आकृती गावाची सामूहिक मालमत्ता मानावी, आणि जो कारखानदार ती वापरील त्याने गावाची अनुमती घ्यावी व नफ्याचा वाटा द्यावा.”

भाऊसाहेब हसले, पण ते हसणे उपहासाचे नव्हते. “कायद्याविषयी मला अनादर नाही, ताई, पण अनुभव आहे. आपल्या देशात १९८५ साली संसदेने कायदा करून काही जातींची वस्त्रे हातमागासाठी राखून ठेवली. यंत्रमागवाले न्यायालयात गेले. १९९३ साली सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा उचलून धरला. तरीही राखीव वस्त्रे यंत्रमागावर निघतच राहिली, कारण तपासनीस थोडे आणि माग अगणित. शिवाय तुमच्या मागणीत एक पेच आहे. गावाच्या वतीने अनुमतीच्या कागदावर सही कोणी करावयाची? आणि आकृती खरोखर त्या गावाचीच कशावरून? सान आंतोनियो आग्वास कालिएन्तेसच्या प्रसिद्ध वस्त्रांवरली फुले आणि पाखरे युरोपातल्या कशिद्याच्या नमुनापुस्तकांवरून आली, हे तुमच्याच शास्त्रातले पंडित सांगतात. मग त्या पुस्तकाच्या प्रकाशकाने वाटा मागितला तर?”

मला वाटते, या साऱ्या संवादात भाऊसाहेबांनी घेतलेला हा सर्वांत मर्मभेदी आक्षेप होय; कारण परंपरेच्या कैवाऱ्यांना परंपरा शुद्ध आणि अचल हवी असते, आणि जिवंत परंपरा तशी कधीच नसते. ताईंनी तो टाळला नाही.

“फुले पुस्तकातून आली, हे खरे. पण पुस्तकातले फूल तयार कापडावर सुईने भरावयाचे होते. या बायकांनी ते ताण्या-बाण्यातच असे उतरविले की कापडाच्या दोन्ही बाजूंनी सारखेच दिसावे. ते तंत्र कोणत्याही प्रकाशकाने विकलेले नाही. त्यांनी अमुक आकृतीवर कोणाची दृष्टीही पडू नये असे म्हटलेले नाही. त्या स्वतः एकमेकींचे नमुने घेतात, गावोगावच्या फॅशनी बदलतात, तरुण मुली आज शेजारच्या गावचे हुइपिल आवडीने घालतात. त्यांची तक्रार एकतर्फी व्यवहाराबद्दल आहे. घेणाऱ्याच्या हाती यंत्र, भांडवल आणि न्यायालय, आणि देणारीच्या हाती काही नाही. सहीचा पेच तुम्ही म्हणता तो आहे. पण जमिनीच्या सामाईक मालकीतही तो होता, म्हणून ती जमीन कॉफीवाल्याला देऊन टाकणे न्याय्य ठरले काय?”

यावर भाऊसाहेबांनी मान हलविली, आणि मुद्दा बदलला. “बरे, एक सांगा. त्या विणकरणीची मुलगी शाळेत जाते. तिने शिक्षिका व्हावे की मागावर बसावे? तुमचा कौल द्या. पण तिच्या वतीने नव्हे, ती तुमची मुलगी आहे असे समजून.”

“तिने शिक्षिका व्हावे,” ताई क्षणाचाही विलंब न लावता म्हणाल्या. “आणि शिक्षिका म्हणून वर्गात उभी राहताना हुइपिल घालण्याची तिला लाज वाटू नये. ते तिने स्वतः विणलेले असेल किंवा योग्य दाम देऊन शेजारणीकडून घेतलेले असेल. तिची मिळकत हीच उद्या त्या शेजारणीची खरी पेठ आहे. परदेशी प्रवाशाच्या लहरीपेक्षा ती अधिक विश्वासाची.”

हे उत्तर भाऊसाहेबांना अपेक्षित नसावे. कारण त्यानंतर त्यांनी स्वतःच ताईंच्या पक्षाला उपयोगी पडेल अशी एक गोष्ट पुढे केली. केत्साल्तेनांगोच्या त्या संस्थेत परदेशी पाहुण्यांना कमरेच्या मागावर विणण्याचे शिक्षण दिले जाते, हे त्यांनी ऐकले होते. “कापड विकताना तिचे तीनशे तास कोणालाच दिसत नाहीत, म्हणून गिऱ्हाईक घासाघीस करते. शिकवणीचा तास मात्र तासाच्या दराने विकला जातो. त्यात लबाडीला जागा कमी. आणि जो मनुष्य दहा तास कमरेला पट्टा बांधून हातभर फीतसुद्धा धड विणू शकला नाही, तो पुन्हा जन्मात हुइपिलचा भाव पाडणार नाही. माझ्या मते तुमच्या सगळ्या प्रचारपत्रकांपेक्षा हा उपाय अधिक हिशेबी आहे.”

“तर मग सान हुआन ला लागुनाचेही नाव घ्या,” ताई म्हणाल्या. “अतित्लान सरोवराच्या काठी तिथल्या स्त्रियांच्या सहकारी संस्था वनस्पतींपासून सूत रंगवितात आणि रंगविण्याची कृती पाहुण्याला दाखवून मगच कापड पुढे ठेवतात. ज्या देशाचा किरमिजी रंग रासायनिक रंगांनी बुडविला, तिथे निसर्गाचे रंग पुन्हा पैसे मिळवू लागले आहेत.”

“सगळ्यांचे सूत तसे रंगेल अशी आशा मात्र धरू नका. कोमालापाच्या किंवा नेबाहच्या बाईला झगझगीत कारखानी सूत आवडते, तर ते तिने वापरावे. तिचा वेष तुमच्या अभिरुचीप्रमाणे फिका व्हावा, असा आग्रह धरणारे गिऱ्हाईक मला त्या छापखानेवाल्याइतकेच परके वाटते.”

ताई हसून म्हणाल्या, “हे वाक्य मी म्हणावयास हवे होते.”

दोघांचे एकमत झाले असे मी म्हणणार नाही. भाऊसाहेब अखेरपर्यंत हेच म्हणत राहिले की, विणकाम हा त्या स्त्रियांचा एकमेव आधार राहील तोवर त्यांना भाव ठरविण्याचे बळ येणार नाही. ते यावयास शाळा, जमीन आणि दुसरी मिळकत हवी. ताईंचे म्हणणे असे की, ती दुसरी मिळकत येईपर्यंतची पिढीही माणसेच आहेत आणि त्यांना आज सूत विकत घ्यावे लागते. माझा स्वतःचा कौल उद्दिष्टापुरता ताईंकडे आणि पद्धतीपुरता भाऊसाहेबांकडे झुकतो. कलेच्या नावाने दिलेला पैसा जर विणकरणीच्या हिशेबात उतरत नसेल, तर तो कलेलाही पोचत नाही, असे मला वाटते. म्हणून ज्या वाचकाला त्या देशी जाण्याचा किंवा तिकडचे वस्त्र घेण्याचा योग येईल, त्याला माझी विनंती एवढीच की, कापून पिशवी केलेले हुइपिल घेऊ नये, अखंड घ्यावयाचे तर भाव पाडू नये, आणि शक्य तोवर माल त्याच संस्थेकडून घ्यावा, जी विणकरणीला सूत आगाऊ देते, कापड हाती येताच रक्कम चुकती करते आणि आपला वार्षिक जमाखर्च तिच्या भाषेत तिला वाचून दाखविते.